अर्धं ध्रुपद परीक्षेत, अर्धं दिंडीत: नाशिकच्या एका संगीत मंडळाचा हंगाम

नाशिकमधल्या एका लहान संगीत मंडळाच्या एका हंगामाची ही हकीकत. ध्रुपद, धमार ही गायकी आणि रुद्रवीणा, सुरबहार, पखवाज ही वाद्यं, म्हणजे आज ख्यालाच्या मागे पडलेलं जुनं संगीत शहरात ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी हे मंडळ आहे. सभासद मोजके, बहुतेक साठी ओलांडलेले. कचेरी म्हणजे कार्यवाह बाईंच्या घरातलं एक कपाट. मी कार्यक्रमांची नोंदवही सांभाळतो, त्यामुळे इथे लिहितोय ते बरंचसं त्या वहीतलं आहे.

या हंगामाआधीच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय होता: मंडळ पुढे चालू ठेवण्याबाबत विचार करणे. कारणं सगळ्यांना ठाऊक होती. मोठं नाट्यगृह घ्यायचं, त्याच्या भाड्यात, ध्वनिव्यवस्थेत आणि छापील पत्रिकांत वर्गणी संपायची, आणि पडदा वर गेला की पहिल्या काही रांगांच्या मागे रिकाम्या खुर्च्या. कलाकार जीव ओतून गायचे. मध्यंतरात माणसं निघून जायची. सभेत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होतं, की हे संगीत आता लोकांना झेपत नाही.

मला ते पटलं नाही. झेपतं की नाही हे कळायला आधी ते कानापर्यंत पोचायला हवं, आणि ते पोचत नव्हतं.

नाट्यगृहातला शेवटचा कार्यक्रम रुद्रवीणेचा होता. या वाद्याचा आवाज मुळातच दबका. दोन मोठे भोपळे, मध्ये दांडी, तिच्यावर मेणात बसवलेले पडदे. वादक तार बाजूला ओढून एकाच पडद्यावरून कितीतरी स्वर काढतो. आलापात, म्हणजे तालाशिवाय राग उलगडताना, एकदा तार छेडली की पुढचं सगळं काम तो नाद विरत जाताना चालतं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, तिथेच असते, श्रुतींचं बारीक काम तिथेच असतं. मायक्रोफोन लावला की छेडल्याचा आघात मोठा होतो आणि विरणारा नाद वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत बुडतो. ध्वनिव्यवस्थेचा मुलगा कष्टाळू होता, पण त्याची सवय वाद्यवृंदाची. ऐकू येत नाही म्हणून त्याने आवाज चढवला, मग कर्णे शिट्टी मारायला लागले, मग त्याने उतरवला. पखवाज सुरू झाल्यावर वीणा दिसत होती, ऐकू येत नव्हती. असं दोन तास बसलेला माणूस पुन्हा आला नाही तर त्याला बोल कसा लावणार?

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे करून घेतले आणि तिचा आवाज अधिक खोल केला. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी गुरुकुल उभं केलं. म्हणजे ध्रुपदाचं एक मोठं घर महाराष्ट्रातच, नाशिकहून काही तासांच्या अंतरावर आहे. पण भोपळे कितीही मोठे केले तरी हे वाद्य नाट्यगृहाच्या मापाचं होत नाही. त्याला त्याच्या मापाची खोली हवी.

सभेत कार्यवाह बाईंनी हाच मुद्दा मांडला. पुढचा हंगाम नाट्यगृहाबाहेर करायचा, जुन्या वाड्यांत, ध्वनिक्षेपकाशिवाय. एका ज्येष्ठ सभासदांनी कडाडून विरोध केला. शंभर माणसंही बसणार नाहीत, मग वर्गणीदारांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बाई म्हणाल्या, "काका, नाट्यगृहातही शंभर बसत नव्हतीच. निदान जी येतील त्यांना ऐकू तरी येईल." एक वर्षाची मुदत घालून ठराव मंजूर झाला.

जागा शोधण्याचं काम मला सगळ्यात आवडलं. जुन्या नाशकात अजून काही वाडे उभे आहेत: सागवानी खांब, माळवदाचं छत, मधला चौक, ओसरी. पंचवटीत दगडी सभामंडपांची देवळं आहेत. आम्ही प्रत्येक ठिकाणी मधोमध उभं राहून टाळी वाजवायचो, मग तंबोरा लावून दोन मिनिटं गप्प बसायचो, मग पखवाजवर एक परण, म्हणजे बोलांची बांधलेली रचना. फरक इतका स्पष्ट की वादाला जागाच उरली नाही. दगडी मंडपात सूर लांबतो, षड्ज लावला की तो छतापर्यंत जाऊन खाली येतो, आणि आलाप तिथे सुंदर लागतो. पण पखवाजाचे बोल एकमेकांवर चढतात. 'किट' संपायच्या आत 'धा' येऊन पडतो आणि द्रुत लयीत नुसता गडगडाट उरतो. लाकूड आणि मातीच्या खोलीत उलट. गूंज कमी, पण प्रत्येक अक्षर वेगळं. म्हणून ठरलं की वीणेची आणि आलापप्रधान बैठक देवळात, पखवाज ज्यात बोलका हवा ती वाड्यात. याशिवाय किरकोळ गोष्टी: छताचा पंखा बंद ठेवायचा, दाराबाहेर दुचाकी लावू द्यायची नाही, आरतीची वेळ आधी विचारून घ्यायची. या किरकोळ गोष्टींनीच अर्धी लढाई जिंकली जाते.

तारखा ठरवताना शहराचं पंचांग पुढे ठेवलं. नाशिककर ऐकायला बसत नाहीत हे खरं नाही; गोदाघाटावर १९२२ पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे, आणि मे महिन्याच्या उकाड्यात माणसं तिथे रोज संध्याकाळी येऊन बसतात. प्रश्न त्यांच्या वर्षात आपण कुठे बसतो याचा आहे.

श्रावणातली बैठक मल्हाराची. वाडा सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की त्या भागात पाणी शिरतं हे प्रत्येकाला माहीत. रद्द करायचं तर कधी, यावर समितीत बराच खल झाला. शेवटी नाशिककराला समजेल अशीच खूण ठरली: दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की कार्यक्रम पुढे ढकलायचा. पत्रिकेवरही तसंच छापलं. त्या दिवशी पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही आणि मियाँ की मल्हारमधला आलाप बाहेर पडणाऱ्या पावसासह ऐकायला मिळाला.

कोजागरीनंतरची बैठक रात्री साडेनऊला सुरू केली. हा वेळ मुद्दाम निवडला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू झाल्यापासून सूट मिळालेले मोजके दिवस सोडले तर उघड्यावरच्या संगीत महोत्सवांना रात्री दहाला थांबावं लागतं. नियम योग्यच आहे, रुग्णालयाशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्याचा एक परिणाम असा की दरबारी, मालकंस हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग संध्याकाळीच उरकले जातात आणि एका पिढीने ते त्यांच्या वेळेला ऐकलेलेच नाहीत. बंद जागेत, कर्ण्याशिवाय बसलं की ही अडचण उरत नाही. शेजारच्या दोन्ही घरांना आधी भेटून विचारलं. एका घरातले आजोबा स्वतःच खुर्ची घेऊन आले. दरबारीतला आंदोलित गंधार अकरा वाजता, दिवे मंद, रस्ता शांत असताना लागला तेव्हा खोलीतलं कुणी हललं नाही.

मार्गशीर्षातल्या पहाटेच्या बैठकीबद्दल फार लिहीत नाही. थंडी कडाक्याची होती, भैरव आणि तोडी ठीक झाले, श्रोत्यांपेक्षा शाली जास्त दिसत होत्या.

फाल्गुनातली धमाराची बैठक मात्र नाशिकची स्वतःची. धमार चौदा मात्रांचा, आणि त्यात गायल्या जाणाऱ्या रचना बहुतेक होरीच्या: रंग, गुलाल, पिचकारी. नाशकात रंग खेळतात ते रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक इथल्या रहाडी त्याआधी उकरून साफ होतात, पूजा होते, आणि जुनं नाशिक ते चार-पाच दिवस जागंच असतं. आम्ही बैठक धुळवड आणि रंगपंचमीच्या मध्ये ठेवली. रहाड उकरणारी मंडळी हातपाय धुऊन आली आणि ओसरीत बसली. क धि ट धि ट, धा, मग ग ति ट: पाच, दोन, तीन, चार अशी ही मांडणी गायकाने एकदा टाळीवर म्हणून दाखवली, एवढंच. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की ओसरीतून दाद यायची, ती रहाडीत उडी मारताना जशी उठते तशीच मोकळी.

हे सगळं झालं तरी मंडळ टिकलं त्याचं कारण या मैफली नाहीत. कारण पितृपक्षातला एक कार्यक्रम आहे, आणि त्याची तयारी आषाढापासून सुरू होती.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नाशिक हे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचं गाव. जन्म कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२. शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना. पुढे विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी गेली, आणि १९२० च्या दशकात नाशकातला रामनाम आधार आश्रम हे त्यांचं ठिकाण झालं. त्यांचे पुत्र डी. व्ही. पलुस्कर २८ मे १९२१ रोजी नाशिकलाच जन्मले. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ महापालिकेचं पलुस्कर सभागृह आहे. विष्णू दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ ला गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षा आज गावोगाव होतात. शिकवणी लावलेल्या नाशिकच्या कुठल्याही मुलीला विचारा, ती मध्यमा नाहीतर विशारदचं नाव घेईल.

या परीक्षांच्या अभ्यासक्रमात ध्रुपद आणि धमार आहेत. ठाय, दुगुन, तिगुन, चौगुन, म्हणजे मूळ लय आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, हातावर टाळी देत म्हणून दाखवायचे. म्हणजे आमच्या शहरात एखादं तरी ध्रुपद पाठ असलेली शेकडो माणसं असणार. आम्ही श्रोते शोधत हिंडत होतो आणि ही मंडळी आमच्या हिशेबातच नव्हती. त्यांच्याशी बोलल्यावर चित्र असं दिसलं: ध्रुपद त्यांच्या लेखी गणितातला एक प्रश्न. चौगुन करताना बोट चुकलं तर गुण जातात. आलाप करून, पखवाजाबरोबर ते कुणी गाऊन पाहिलं नव्हतं. साथ असलीच तर तबल्याची, तीही ठेका धरण्यापुरती. एका मुलीने सांगितलं, "काका, परीक्षा झाली की ते पान आम्ही उघडतच नाही."

दुसरं अर्ध दिंडीत होतं. त्र्यंबकेश्वर हे निवृत्तिनाथांचं समाधिस्थान. दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी या तालुक्यांत गावोगाव भजनी मंडळं आणि कीर्तनाच्या साथीला उभे राहणारे तरुण मृदंगवादक आहेत. यांच्या हातात जो मृदंग आहे तो पखवाजच, ध्रुपदाचंच वाद्य. हे नातंही नवं नाही. पखवाजाच्या पानसे घराण्याचे प्रवर्तक नानासाहेब पानसे वाईकडचे, कीर्तनाच्या साथीत वाढलेले, आणि पुढे इंदूरला जाऊन त्यांनी घराणं उभं केलं. मोठमोठ्या ध्रुपदियांच्या साथीला बसणारी विद्या महाराष्ट्रात देवळाच्या ओसरीवरूनच आली. दिंडोरी तालुक्यातल्या एका मृदंगाचार्यांना आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "चौताल, धमार आम्ही पोरांना शिकवतो, माउली. परणी पाठ असतात त्यांना. पण ते वाजवायचं कशावर? तसं गाणारं माणूस आमच्याकडे येतच नाही."

एकीकडे गाणं पाठ असलेल्या आणि पखवाज न पाहिलेल्या मुली, दुसरीकडे पखवाज हातात असलेली आणि गाणं न मिळालेली मुलं. मध्ये अंतर पंचवीस किलोमीटर.

युरोपात जुन्या संगीताची चळवळ उभी राहिली तेव्हा आर्नल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) यांच्यासारख्यांना व्हायोल, रेकॉर्डर, हार्प्सिकॉर्ड ही वाद्यं पुन्हा घडवावी लागली. वादनाची चालत आलेली परंपरा तिथे तुटली होती, हात कसा फिरवायचा तेही जुन्या ग्रंथांतून शोधावं लागलं. त्यांच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. आपल्याकडे हात अजून जिवंत आहेत. म्हणूनच ते हात आणि ते गळे एकमेकांना भेटू नयेत हे मला फार लागतं.

पहिल्या आराखड्यात ही भेट पौषात होती. मृदंगाचार्य हसले. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा, सगळी पोरं दिंडीत. शिवाय द्राक्षांची तोडणी तोंडावर. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ज्येष्ठात पालखी निघते ती आषाढी करूनच सुटका. श्रावणात गावोगाव सप्ताह. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून गोडी छाटणी, मग दिवाळीपर्यंत औषध फवारणीतून मान वर काढायला वेळ नाही. असं करत करत दोन फटी सापडल्या: पंढरपूरहून परतल्यानंतर श्रावण लागेपर्यंतचे दिवस, आणि पितृपक्ष. पहिल्यात तालीम, दुसऱ्यात कार्यक्रम.

पितृपक्षावर पुन्हा सभेत कुरकुर झाली. पितृपक्षात कसला कार्यक्रम, असं दोघांनी विचारलं. ज्या ज्येष्ठ सभासदांनी वाड्यांना विरोध केला होता तेच यावेळी उठले. ते म्हणाले, "ज्यांनी हे संगीत आपल्यापर्यंत आणलं ते पितरच आहेत की. त्यांच्या नावाने पंधरवड्यात एक दिवस गाणं झालं तर बिघडलं कुठे?" त्यानंतर कुणी बोललं नाही. वाडाही सहज मिळाला, कारण त्या दिवसांत कुणी जागा मागत नाही.

तालमीचा पहिला रविवार. मुली शहरातून, दोन शिकवण्यांच्या. मुलं जीपमधून, पखवाज गोधडीत गुंडाळलेले. दोन्ही बाजू भिंतीला टेकून समोरासमोर, कुणी बोलेना. वाड्यातल्या आजींनी परातीत कणीक मळून आणली, कारण पखवाजाच्या डाव्या पुडीला ती लागतेच. ती थापताना एका मुलाने सहज सांगितलं की फार घट्ट नको, धुमेचा आवाज बसतो. मुली उठून जवळ आल्या. तिथून बोलणं सुरू झालं.

मग स्वराचा प्रश्न आला, आणि इथे मला सगळ्यात मोठा आनंद झाला. आमच्याकडे बाहेरून येणारे ध्रुपद गायक बहुतेक पुरुष, पेटीच्या काळी एक पट्टीत किंवा त्याच्याही खाली गाणारे. त्यासाठी मोठ्या तोंडाचा, खाली उतरवलेला पखवाज लागतो. मुलांचे पखवाज भजनाचे; वारकरी गाणं उंच, काळी चार, काळी पाच. ते खाली उतरत नाहीत, पुडी ढिली पडते. मंडळातल्या काहींना वाटत होतं की वाद्यंच जुळणार नाहीत, नवी आणावी लागतील. पण मुली गातात कुठे? काळी चार, पांढरी पाच, काळी पाच. पखवाजाच्या लाकडी गट्ट्यांवर दोन-चार ठोके पडले आणि तंबोऱ्याला पखवाज मिळाला.

पहिल्यांदा एका मुलीने तिचं परीक्षेचं ध्रुपद जसं पाठ होतं तसं म्हटलं, मध्य लयीत, घाईने, हातावर टाळी. मुलगा धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन असा बारा मात्रांच्या चौतालाचा ठेका धरून बसला. दोघंही परीक्षेत असल्यासारखे. तालमीसाठी आलेल्या ध्रुपदियांनी, म्हणजे ध्रुपद गायकांनी, थांबवलं. लय निम्म्यावर आणली. मुलीला सांगितलं, दुगुन-चौगुन विसर, पहिली ओळ चार वेळा म्हण, प्रत्येक वेळी शब्द वेगळ्या मात्रेवर ठेव. मुलाला सांगितलं, ठेका सोड. ती जे करते त्याच्याबरोबर चाल, समेवर भेटा. ठेका सोडायचा म्हटल्यावर मुलगा दचकला. पण वारकऱ्यांच्या चक्रीभजनात तो हे करतच असतो. गाणाऱ्याने चालीत जागा केली की हात तिकडे धावतो. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला त्याने एक छोटी परण टाकली, ती मुलीच्या तिहाईबरोबर नेमकी समेवर आली, आणि दोघंही एकमेकांकडे बघून थक्क झाले. ज्या तालाची भीती होती त्यात त्यांना खेळता आलं.

लय धरणं मुलांना जड गेलं, हे नोंदवायला हवं. विलंबित चौतालात दोन मात्रांमधलं अंतर भरायचा मोह आवरत नाही. भजनाचा ठेका माणसाला चालवतो. चौताल थांबायला लावतो. मुलींना उलट अडचण: आलाप. बंदिशीआधी शब्दांशिवाय, 'री, ना, नोम' अशा अक्षरांवर पंधरा मिनिटं काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन रविवारांत ते येणार नव्हतंच. म्हणून कार्यक्रमात आलाप ध्रुपदियांनी करायचा आणि मुलींनी त्याच रागातलं ध्रुपद उचलायचं, असं ठरलं.

एक गोष्ट योजनेत नव्हती. दुसऱ्या रविवारी दोन मुलींनी पखवाज वाजवून बघू का, असं विचारलं. मृदंगाचार्यांनी मांडी मोडून जागा करून दिली. "बसा की, ताई. हात धुऊन या, कणकेचं वाद्य आहे." त्यातली एक आता दर पंधरवड्याला दिंडोरीला शिकायला जाते. तिची आई बरोबर जाते, आणि तीही बसून ऐकते.

पितृपक्षातल्या त्या संध्याकाळी वाड्याचा चौक, ओसरी, माडीचा कठडा भरून गेला. मुलींचे आईवडील आणि शिकवणीच्या बाई होत्या, मुलांच्या गावची भजनी मंडळंही आली होती. गावाकडची मंडळी आधी भिंतीलगत उभी होती, माडीवरून कुणी तरी "माउली, इकडे जागा आहे" म्हणाल्यावर बसली. सूलतालातल्या एका रचनेआधी मृदंगाचार्यांनी बोल म्हणून दाखवले: चौतालातला दुसरा 'दिं ता' काढला की दहा मात्रा उरतात, तो सूलताल. माझ्यासमोर बसलेल्या शेतकरी गृहस्थांनी बोटांवर मोजून मान डोलावली. त्यानंतर समेला त्यांची टाळी चुकली नाही. झेपत नाही म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं.

तंबोऱ्यांचं काम यातूनच निघालं. बहुतेक मुली मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गातात. सरावाला तो चालतो, पण चार तारा स्वतः जुळवल्याशिवाय कान तयार होत नाही, आणि ध्रुपदात कान हेच भांडवल. मिरजेचे तंबोरे देशभर जातात, त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. नाशिकच्या किती घरांत असे तंबोरे कापडी खोळीत कोपऱ्यात उभे असतील, आजीचे, आत्याचे. सभासदांनी ओळखीच्या घरी विचारलं. काही मिळाले. मिरजेहून कारागीर आले, त्यांनी जवारी काढली, म्हणजे घोडी घासून नाद खुलवला, घोडीवर सुताचा दोरा कुठे सरकवला की तार बोलू लागते ते मुलींना दाखवलं. आता तंबोरा शिकणाऱ्याच्या घरी महिनाभर राहतो आणि पुढच्याकडे जातो. नोंद माझ्याच वहीत.

शाळांमध्येही एक उपक्रम करून पाहिला, तो जमला नाही. एका तासिकेत आलाप बसत नाही आणि मुलांना पखवाज वाजवून बघायचाच असतो. पुढच्या वर्षी फक्त बोल म्हणण्याचा, पढंतीचा खेळ घ्यावा असं माझं मत आहे. ध्वनिमुद्रणं ऐकण्याच्या बैठका बऱ्या झाल्या. भारतात १९०२ मध्ये गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तेवढ्यात ध्रुपदाचा आलाप सुरूही होत नाही. ख्याल, ठुमरी, नाट्यपद घरोघरी पोचलं आणि ध्रुपद मागे राहिलं त्यात या तीन मिनिटांचाही वाटा आहे, हे तरुण श्रोत्यांना नवीन होतं.

पैशाचं थोडक्यात. नाट्यगृहाचं भाडं आणि ध्वनिव्यवस्था वाचली, वाड्यांच्या मालकांनी चहापलीकडे काही घेतलं नाही, आणि तो सगळा पैसा कलाकारांच्या मानधनात आणि मुलांच्या जीपभाड्यात गेला. प्रवेशमूल्य ठेवायचं की पेटी, यावर अजून मतभेद आहेत. विष्णू दिगंबरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या त्या गाणाऱ्याला संस्थानिकाच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून. त्यामुळे माझं मत तिकिटाच्या बाजूने आहे, फक्त विद्यार्थ्यांना आणि गावाकडून येणाऱ्यांना ते नसावं. शिल्लक फार नाही. पण या वर्षीच्या सभेत 'मंडळ पुढे चालू ठेवण्याबाबत' हा विषय कुणी घातला नाही.

त्या जागी दुसरा विषय आला आणि त्यावर सभा रात्रीपर्यंत लांबली. मृदंगाचार्यांनी निमंत्रण दिलं आहे: पौषात त्र्यंबकला त्यांच्या दिंडीच्या जागराला मुलींनी यावं आणि अर्धा तास गावं. जायचं यावर सगळ्यांचं एकमत. गायचं काय, यावर नाही. ध्रुपदाच्या रचना बहुतेक ब्रजभाषेतल्या. काहींचं म्हणणं, एखादा अभंगच चौतालात बसवावा म्हणजे लोकांना जवळचा वाटेल. मला ते नको वाटतं. अभंगाला त्याची स्वतःची चाल आहे, हजारो गळ्यांनी घासून गुळगुळीत झालेली. तिला बारा मात्रांच्या साच्यात बसवण्याचं कारण नाही. पितृपक्षात त्याच मंडळींनी ब्रजभाषेतलं ध्रुपद शब्द न कळताही शेवटपर्यंत ऐकलं. अर्थ दोन वाक्यांत सांगावा आणि जसंच्या तसं गावं. निर्णय मुलींवर आणि मृदंगाचार्यांवर सोपवला आहे. तालीम मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, दिंडोरीला. जाताना दोन तंबोरे न्यायचे आहेत, आणि थंडीत तारा उतरतात म्हणून सुट्या तारांचा एक संचही.